पाहुणा, भाडेकरू की ग्राहक? सुरतेतील अल्पमुदतीच्या निवासाचे नियम आणि कर

सुरत महानगरपालिकेचे मुख्यालय ज्या वास्तूत आहे, ती मुळात प्रवाशांसाठी बांधलेली सराई होती. शाहजहानच्या कारकिर्दीत, १६४४ मध्ये उभ्या राहिलेल्या या मुगलसराईत बंदरावर येणारे व्यापारी आणि हजला निघालेले यात्रेकरू मुक्काम करीत. पुढे तिचा उपयोग तुरुंग म्हणून झाला आणि १८६७ च्या सुमारास ती नगरपालिकेच्या ताब्यात आली. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात ‘सराई अधिनियम’ हा कायदा झाला. तो प्रथम वायव्य प्रांतासाठी केलेला होता आणि सुरतेशी त्याचा थेट संबंध नव्हता; तथापि सराईची सरकारदरबारी नोंद करावी आणि दंडाधिकाऱ्याने लेखी मागणी केल्यास मुक्कामाला असलेल्यांची माहिती कळवावी, अशा ज्या अपेक्षा त्याने सराईच्या चालकाकडून केल्या, त्याच अपेक्षा आज सुरतेत आपल्या फ्लॅटमधील एखादी खोली दोन रात्रींसाठी देणाऱ्या गृहस्थाकडूनही केल्या जातात.

अल्पमुदतीचे निवासभाडे म्हणजे महिन्याच्या भाड्याने नव्हे, तर रात्रीच्या किंवा आठवड्याच्या हिशेबाने घर अथवा खोली वापरायला देणे. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेल्या एअरबीएनबीसारख्या मंचांमुळे हा व्यवहार जगभर पसरला. सुरतेत त्याला लागणारा ग्राहक प्रामुख्याने पर्यटक नाही. रिंग रोडवरील कापडबाजारात खरेदीसाठी येणारा दुकानदार, महिधरपुरा आणि वराछा येथील हिरेबाजारात किंवा १७ डिसेंबर २०२३ रोजी उद्‌घाटन झालेल्या खजोद येथील हिरे बाजार-संकुलात कामानिमित्त येणारा व्यापारी, रुग्णालयात दाखल केलेल्या माणसाचे नातेवाईक आणि लग्नकार्यासाठी परगावाहून आलेली मंडळी, असा हा वर्ग आहे. उधना आणि लिंबायत या भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची वस्ती मोठी असल्याने, जळगाव-नंदुरबारकडील पाहुण्यांची ये-जा तेथे बारमाही असते.

या व्यवहारासाठी सुरतेत एकच एक कायदा आणि परवाना देणारी एकच कचेरी नाही. महापालिका, वीजकंपनी, अग्निशमन विभाग, पोलीस, वस्तू व सेवा कर विभाग आणि आयकर विभाग यांपैकी प्रत्येक जण आपापला वेगळा प्रश्न विचारतो आणि त्याच्या उत्तरावरून तीच खोली कोणाच्या लेखी घर ठरते, तर कोणाच्या लेखी धंद्याची जागा. म्हणूनच यजमानाची खरी अडचण बहुधा कराच्या रकमेची नसते. आपण नेमके कोण, हे प्रत्येक दप्तरात सुसंगतपणे सांगता येणे, ही ती अडचण असते.

राहणाऱ्याचे तीन प्रकार

दुसऱ्याच्या घरात पैसे देऊन राहणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने तीन प्रकारचा असू शकतो. पहिला भाडेकरू. जागेचा ताबा त्याच्याकडे जातो आणि त्याला सहजासहजी काढता येत नाही. १९४७ चा मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण अधिनियम द्विभाषिक मुंबई राज्याचा वारसा म्हणून गुजरातकडे आला आणि महाराष्ट्राने २००० पासून स्वतःचा नवा कायदा लागू केल्यानंतरही तो तेथे चालू राहिला. हॉटेल आणि लॉज यांचा विचार घरभाड्याबरोबरच करावा लागतो, हे त्याच्या नावातच आले आहे. दुसरा परवानाधारक, म्हणजे मराठी वाचकांच्या परिचयातील ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारा. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार त्याला जागा वापरण्याची केवळ मुभा असते, जागेत हक्क निर्माण होत नाही. तिसरा मुक्कामी ग्राहक, म्हणजे लॉजमध्ये उतरणारा. चावी त्याच्या हाती असली तरी खोली मालकाच्याच ताब्यात राहते, आणि अंथरूण-पांघरूण, झाडलोट, पाणी, चहा-नाश्ता या सेवा भाड्याचाच भाग असतात.

अल्पमुदतीचा पाहुणा साधारणपणे या तिसऱ्या प्रकारात मोडतो. मुक्काम लांबत गेला, सेवा थांबल्या आणि रात्रीच्या दराऐवजी महिन्याची रक्कम ठरली, की तो दुसऱ्या किंवा पहिल्या प्रकाराकडे सरकू लागतो. त्यामुळे मुक्कामाच्या तारखा, दर आणि पुरवलेल्या सेवा यांची लेखी नोंद ठेवणे हे यजमानाच्या हिताचे असते.

होमस्टे: मालकाच्या राहण्याला महत्त्व

घर आणि हॉटेल यांच्या मधली जागा सरकारने ‘होमस्टे’ या नावाने मान्य केली आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ‘अतुल्य भारत’ न्याहारी-निवास योजनेत एक ते सहा खोल्या, म्हणजे जास्तीत जास्त बारा खाटा, भाड्याने देता येतात, रौप्य आणि सुवर्ण अशा दोन श्रेणी असतात आणि मालकाने आपल्या कुटुंबासह त्याच घरात राहणे आवश्यक मानले जाते. गुजरात सरकारने आपले पहिले होमस्टे धोरण २०१४ मध्ये आणले आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये ‘२०२०-२५’ या मुदतीचे सुधारित धोरण जाहीर केले. गुजरात पर्यटन महामंडळाकडे नोंदलेल्या होमस्टेला वीज आणि मालमत्ताकर हे निवासी दरानेच लागावेत, ही या धोरणांमागील मुख्य सवलत होती. अशी धोरणे ठरावीक मुदतीची असल्याने, अर्ज करतेवेळी कोणते धोरण लागू आहे हे महामंडळाकडून पाहून घेणे इष्ट असते.

मालक घरात राहतो की नाही, ही अट वरवर किरकोळ वाटते. परंतु सगळी विभागणी तिच्यावरच उभी आहे. आईवडील, मुले आणि एक रिकामी खोली असलेले अडाजण येथील कुटुंब होमस्टेच्या कल्पनेत सहज बसते. वेसू येथे गुंतवणूक म्हणून घेतलेला, आत कोणीही राहत नसलेला आणि दाराला आकड्यांचे कुलूप लावून चालवलेला फ्लॅट तीत बसत नाही. मंचावर दोघांची जाहिरात शेजारीशेजारी दिसत असली, तरी दुसऱ्याला होमस्टेच्या सवलती गृहीत धरता येत नाहीत.

महापालिका आणि वीजकंपनी

मालमत्ताकराला सुरतेत ‘मिलकत वेरो’ म्हणतात आणि मराठी घरात त्यालाच घरपट्टी म्हटले जाते. गुजरातमधील महापालिका हा कर चटईक्षेत्रावर, म्हणजे भिंती वगळून मिळणाऱ्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर आकारतात. निवासी आणि बिगरनिवासी जागांसाठी चौरस मीटरमागे वेगवेगळा मूळ दर असतो आणि त्याला परिसर, इमारतीचे वय, वापराचा किंवा बांधकामाचा प्रकार आणि भोगवटा अशा चार घटकांनी गुणले जाते. भोगवटा म्हणजे जागा मालक स्वतः वापरतो की दुसरा कोणी. याचा अर्थ असा, की पाहुणे ठेवण्याचा परिणाम आकारणीवर दोन मार्गांनी होऊ शकतो: एकतर मूळ दरच बिगरनिवासी ठरून, किंवा निवासी दर कायम राहूनही भोगवट्याचा घटक बदलून. वापरातील बदल संबंधित झोन कचेरीला मालकाने आपणहून कळवला, तर मागील वर्षांच्या फरकाची मागणी एकदम अंगावर येण्याचा प्रसंग टळतो.

विजेच्या बिलातही हीच विभागणी दिसते. शहराच्या मोठ्या भागात टोरेंट पॉवर आणि अन्यत्र दक्षिण गुजरात वीज कंपनी पुरवठा करते. बिलावर ‘आरजीपी’, म्हणजे सर्वसाधारण निवासी वापर, किंवा ‘नॉन-आरजीपी’, म्हणजे बिगरनिवासी वापर, असा वर्ग छापलेला असतो. निवासी जोडणीवर लॉज चालवणे हा वर्गवारीचा भंग ठरू शकतो. होमस्टे नोंदणीला व्यावहारिक किंमत आहे ती येथे, कारण निवासी दरावर हक्क सांगण्यासाठी मालकाच्या हाती एक कागद येतो.

याखेरीज गुजरातमध्ये व्यवसायकर, म्हणजे ‘व्यवसाय वेरो’, महापालिकाच गोळा करते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार तो कोणत्याही व्यक्तीवर वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक बसवता येत नाही. जेवण किंवा नाश्ता विकत दिला जात असेल, तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी वेगळी घ्यावी लागते. १९७७ च्या राज्य कायद्याने हॉटेले आणि लॉज यांच्यावर बसवलेला चैनकर मात्र १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विलीन झाला, त्यामुळे पाहुण्याच्या बिलावर राज्याचा असा वेगळा कर उरलेला नाही.

डुमस आणि सुवाळीच्या किनाऱ्याकडे शनिवार-रविवारसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या फार्महाऊसचा प्रश्न आणखी निराळा आहे. तेथे जमीन शेतीची असेल, तर १८७९ च्या जमीन महसूल संहितेखाली तिला बिनशेती परवानगी आहे का, हाच पहिला प्रश्न ठरतो आणि बाकीच्या नोंदण्या त्यानंतर येतात.

आग: सुरतेने मोजलेली किंमत

बांधकाम पूर्ण झाल्यावर महापालिका ‘बी.यू.’, म्हणजे इमारत-वापर परवानगी देते. महाराष्ट्रातील भोगवटा प्रमाणपत्रासारखाच हा दाखला असतो. २०१७ च्या राज्यव्यापी विकास नियंत्रण नियमावलीनुसार इमारतीचा वापर कोणता, यावरून जिन्याची रुंदी, बाहेर पडण्याचे मार्ग आणि अग्निसुरक्षेची साधने ठरतात. निवासी परवानगी असलेल्या मजल्यावर लॉज चालू झाला, की कागदावरील इमारत आणि प्रत्यक्षातील इमारत या दोन वेगळ्या गोष्टी होतात.

सुरतेत हा मुद्दा केवळ कागदी मानला जात नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला आर्केडला आग लागली, वरच्या मजल्यावरील शिकवणीत अडकलेल्या मुलांनी जीव वाचवण्यासाठी खाली उड्या टाकल्या आणि त्या दुर्घटनेत २२ विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. पाच वर्षांनी, २५ मे २०२४ रोजी, राजकोट येथील खेळकेंद्राच्या आगीत २७ जणांचा बळी गेला. दोन्ही घटनांनंतर सुरतेत अग्निसुरक्षेची व्यवस्था आणि वापर-परवानगी नसलेल्या जागांना सील ठोकण्याच्या मोहिमा झाल्या. २०१३ चा गुजरात अग्निप्रतिबंध व जीवसुरक्षा उपाययोजना अधिनियम त्या कारवाईचा आधार आहे. घरात रोज राहणाऱ्याला मीटरची पेटी, जिना आणि गच्चीची किल्ली कोठे आहे हे अंधारातही ठाऊक असते. पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला ते ठाऊक नसते. निवासी आणि लॉजच्या वापरासाठी वेगवेगळी मापे ठरवण्यामागील कारण असे अगदी साधे आहे.

पोलिसांची नोंदवही

सुरतेचे पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या कलम १४४ च्या जागी आलेल्या तरतुदीखाली, वेळोवेळी जाहीरनामे काढतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे आणि हॉटेल, अतिथिगृह, धर्मशाळा यांत उतरणाऱ्यांची ओळखपत्रासह नोंद ठेवणे, हे त्यांतील नेहमीचे विषय असतात. असा आदेश एका वेळी सामान्यतः दोन महिन्यांपुरताच टिकतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढला जातो. त्याचा भंग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा ठरतो. निवासाची नोंद ‘पथिक’ या पोलिसांच्या संगणकीय प्रणालीत भरण्याची पद्धत गुजरातमध्ये रूढ झाली आहे.

परदेशी नागरिक उतरला असेल, तर त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला ऑनलाइन कळवावी लागते. हा अर्ज वर्षानुवर्षे ‘सी-फॉर्म’ या नावाने ओळखला गेला. १ सप्टेंबर २०२५ पासून जुन्या चार कायद्यांची जागा आप्रवासन व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ याने घेतली असली, तरी निवास देणाऱ्यावरील ही जबाबदारी कायम आहे. पाहुणा मूळचा भारतीय असून आता अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे पारपत्र बाळगतो, अशा घटनेत यजमानाची हमखास गल्लत होते. सुरत आणि दक्षिण गुजरातेतून परदेशी गेलेल्या कुटुंबांची संख्या पाहता हा प्रसंग तेथे विरळा नाही. आडनाव ओळखीचे आणि बोलणे गुजराती असले, तरी नोंद पारपत्रावरील नागरिकत्वानुसारच करावी लागते.

यातच दारूबंदीचा विषय येतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम गुजरातमध्ये आजही, आता गुजरातच्या नावाने, लागू आहे. परराज्यातून आलेल्यास ठरावीक नियमांनुसार तात्पुरता परवाना मिळू शकतो. परवान्याविना मद्य बाळगणे आणि पिणे हा गुन्हा असून आपल्या जागेचा त्यासाठी वापर होऊ देणाऱ्यावरही कायद्याची नजर असते. म्हणून मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याला ही गोष्ट आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सांगितलेली बरी.

वस्तू व सेवा कर

राहण्यासाठी घर भाड्याने घेणाऱ्या सामान्य कुटुंबाच्या भाड्यावर हा कर नसतो. परंतु रात्रीच्या हिशेबाने दिलेला निवास ही करपात्र सेवा आहे. १८ जुलै २०२२ पूर्वी एका रात्रीचे भाडे एक हजार रुपयांपर्यंत असल्यास करमाफी होती. ती त्या दिवशी संपली. २२ सप्टेंबर २०२५ पासून, प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के कर आहे. ५ टक्क्यांच्या टप्प्यात यजमानाला निविष्टी करवजावट, म्हणजे स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर वळता करून घेण्याची सोय, मिळत नाही. दुसऱ्या टोकाला, विद्यार्थी किंवा नोकरदार सलग किमान ९० दिवस राहत असेल आणि दरमहा दरमाणशी आकार २०,००० रुपयांपर्यंत असेल, तर २०२४ च्या जुलैपासून करमाफी आहे. म्हणजे खोली तीच असली तरी मुक्कामाच्या लांबीनुसार करपात्रता बदलते.

हिशेब उदाहरणाने पाहता येईल. समजा, एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या घरातील दोन खोल्या रात्रीला २,००० रुपये दराने मंचावर ठेवल्या आणि वर्षात प्रत्येक खोली १२० रात्री गेली. एकूण २४० खोली-रात्रींचे ४,८०,००० रुपये होतात. सेवांसाठीची नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये असल्याने तिला नोंदणी सक्तीची नाही. मात्र कर सुटत नाही: कायद्याच्या कलम ९(५) नुसार, नोंदणीस पात्र नसलेल्या यजमानाच्या मंचावरील आरक्षणाचा कर मंच स्वतः गोळा करून भरतो. प्रत्येक रात्रीचे १०० रुपये पाहुण्याकडून घेतले जातात आणि शिक्षिकेच्या हातून काही भरावे लागत नाही. तीच खोली ओळखीच्या माणसाला मंचाविना दिली, तर तिच्यावर कर भरण्याची पाळी येत नाही.

आता त्याच दोन खोल्या एखाद्या कापडव्यापाऱ्याच्या आहेत असे मानले, तर चित्र बदलते. त्याचे दुकान त्याच्या वैयक्तिक पॅनवर आधीच नोंदलेले असते आणि उलाढालीची मर्यादा खोलीची किंवा दुकानाची नव्हे, तर पॅनधारकाची मोजली जाते. त्यामुळे खोलीच्या पहिल्या रात्रीपासून कर भरण्याची जबाबदारी त्याची स्वतःची होते, आणि मंच त्याचा कर भरील हा समज त्याला महागात पडतो. घरटी एखादा तरी माणूस कापडाच्या, जरीच्या किंवा हिऱ्याच्या व्यवहारात असलेल्या या शहरात हा भेद पुस्तकी राहत नाही.

आयकर

आयकराच्या दृष्टीने प्रश्न उत्पन्नाच्या शीर्षकाचा असतो. उत्पन्न ‘गृहसंपत्तीपासूनचे’ मानले, तर मालमत्ताकर वजा करून उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते आणि प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब मागितला जात नाही; ते ‘धंद्याचे’ मानले, तर धुलाई, वीज, मंचाचे कमिशन, फर्निचरचा घसारा असा प्रत्यक्ष खर्च वजा होतो. निवासी घर भाड्याने देणाऱ्या मालकाचे उत्पन्न गृहसंपत्तीच्या शीर्षकाखालीच दाखवावे, अशी दुरुस्ती २०२४ च्या वित्त कायद्याने केली. रोज चादरी बदलणे, नाश्ता देणे, नोकर ठेवणे अशा सेवांचा वाटा जसजसा वाढतो, तसतसे ते घरभाडे न राहता सेवाव्यवसाय ठरण्याकडे झुकते, म्हणून सनदी लेखापालाशी ही चर्चा वर्षाच्या अखेरीस नव्हे, सुरुवातीलाच होणे योग्य असते. मंच देयकातून उगमकर कापतो. त्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला असून, पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची मंचावरील वार्षिक रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तो कापला जात नाही. कपात झाली नाही म्हणून उत्पन्न करमुक्त झाले असे मात्र नाही. विवरणपत्रात ते दाखवावेच लागते.

सोसायटी आणि शेजारी

सुरतेतील अनेक सदनिका १९६१ च्या गुजरात सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थांत आहेत. रोज नव्या माणसांची उद्वाहनातून ये-जा, वाहनतळावरील अनोळखी गाड्या आणि रात्री उशिरा वाजणारी घंटा यांमुळे पहिली हरकत बहुधा शेजाऱ्याकडून येते, सरकारी कचेरीकडून नव्हे. संस्थेच्या उपविधींत निवासी वापराची अट असेल, तर तिचा आधार घेऊन ही हरकत पुढे सरकते. सर्वसाधारण सभेची लेखी संमती आधी घेतलेली असली, तर पुढील अर्जांनाही तिचा उपयोग होतो.

एकच दप्तर असण्याचा फरक

जगातील काही शहरांनी हा गुंता एका परवान्यात बांधला. न्यूयॉर्कने ५ सप्टेंबर २०२३ पासून नोंदणी आणि यजमानाची उपस्थिती यांची सक्ती अमलात आणली, आणि बार्सिलोनाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत १०,१०१ पर्यटक-सदनिकांचे परवाने संपुष्टात आणण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. त्या शहरांसारखी घरांची टंचाई सुरतेत नाही, म्हणून तसे निर्बंधही येथे नाहीत. पण बार्सिलोनाला इतका नेमका आकडा सांगता आला, तो तेथे परवान्यांची एक नोंद होती म्हणून. सुरतेत तीच सदनिका घरपट्टीच्या वहीत निवास असते, ‘पथिक’वर आली तर अतिथिगृह म्हणून येते आणि अग्निशमन विभागाच्या यादीत बहुधा नसतेच. ही दप्तरे एकमेकांशी जुळवून पाहण्याचे काम आज तरी अपघात, तक्रार किंवा तपास यांच्या निमित्तानेच होते, आणि तोवर वीजबिलावरील वर्ग, घरपट्टीवरील भोगवटा, बी.यू. परवानगीवरील वापर आणि मंचावरील जाहिरात हे चार कागद एकत्र ठेवून त्यांत एकच उत्तर लिहिले आहे का, हे पाहणे यजमानाच्याच हाती राहते.